चिपळूण, तळमजला, ऑरेंज अलर्ट: वाळूची पोती पुरतील का?

प्रश्न
अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळ होणार म्हणतात. नकाशात केंद्र तर लांब दिसतंय. घर बाजारपेठेकडे, तळमजल्यावर. दाराला पोती लावून भागेल का? परसात विहीरही आहे.

खाडीकाठ
केंद्र विसरा. वारा केंद्राजवळ, पाऊस मात्र शेकडो किलोमीटर लांबही पडतो आणि सह्याद्रीला अडून घाटात जास्त कोसळतो. ते पाणी काही तासांत वाशिष्ठी नदीला येतं, शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही तिलाच मिळतं. त्याच वेळी भरती असली की नदीला खाडीत उतरायला वाट राहत नाही. म्हणून घाटातल्या पावसाचे आकडे (24 तासांत 204.4 मिमीच्या वर म्हणजे अतिवृष्टीचाही कळस) आणि भरतीची वेळ शेजारी लिहून ठेवा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर सामान आदल्या दिवशीच वर न्या.

वायरमन
पोती दोन-तृतीयांश भरा, गच्च भरलेली एकमेकांत बसत नाहीत. विटांसारखी सांधे मोडून रचा, बाहेरून प्लॅस्टिकचा कागद. पण पाणी आधी संडासातून आणि मोरीतूनच वर येतं! संडासाच्या भांड्यात प्लॅस्टिक पिशवीत कोंबलेल्या चिंध्यांचा बोळा घट्ट बसवून वर वाळूचं पोतं ठेवा.

मेन स्विच पाणी शिरायच्या आधी पाडा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच राहतो, हे बहुतेक जण विसरतात. तो वेगळा बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, मग बॅटरी माळ्यावर. गॅसचा सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो: वजन जेमतेम 30 किलो, पोटात जागा 33 लिटर. रेग्युलेटर काढून, टोपी लावून खिडकीच्या गजाला बांधा.

प्रश्नकर्ता
आणि विहीर?

पाणीवाला
पूर ओसरल्यावर आधी गढूळ पाणी उपसा. मग व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × 785 = लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे 70 ग्रॅम. पुरानंतर दुप्पट घ्या. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडून ढवळा, तासभर थांबा. प्यायचं पाणी तरीही उकळूनच. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका, तिच्यातला क्लोरीन कधीच उडालेला असतो.