सिक्कीममध्ये वर जावं तसं खडकांचं रूपांतरण (उष्णता-दाबाने होणारा बदल) वाढतं, म्हणजे थर पालथे झालेत का?

कुतूहल_२१
तिस्तेच्या खोऱ्यात मंगनहून चुंगथांगकडे थर उत्तरेला कललेत, म्हणजे पुढे जाऊ तसे आपण वरच्या खडकांत. पण आधी कमी तापमानाची खनिजं क्लोराइट-बायोटाइट, मग गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सगळ्यात वर सगळ्यात जास्त तापमानाचं सिलिमनाइट! जास्त तापलेले खडक खाली हवेत ना? अख्खी चळत उलटली, असं रिपोर्टात लिहू का?

गारगोटी
नका लिहू. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल. खनिजांचा क्रम उलटा असणं वेगळं आणि थर पालथे पडणं वेगळं.

भूवैज्ञानिक ल फोर यांनी १९७५ साली मांडलं, की मेन सेंट्रल थ्रस्टवरून (हिमालयातला मोठा भ्रंश, ज्यावरून वरचे खडक खालच्यांवर सरकले) तापलेले खडक त्याखालच्या थंड लेसर हिमालयावर चढले आणि गरम इस्त्रीसारखे खालच्यांना वरून भाजत गेले. ऐकायला झकास. पण मग उलटा क्रम थ्रस्टच्या वरच्या खडकांतही का चालू राहतो? शिवाय इस्त्री निवतेच की.

मला पटतं ते असं: थ्रस्ट म्हणजे एक रेघ नव्हे, काही किलोमीटर जाडीचा शिअर झोन, म्हणजे खडक घसटत सरकलेला पट्टा. त्यात खडकांचे काप एकाखाली एक चिकटत गेले. आधी तापलेले वर, नंतर त्यात ओढले गेलेले आणि कमी तापलेले खाली. मोनाझाइटची (ज्यावरून रूपांतरणाचं वय काढतात ते खनिज) वयंही साधारण खाली जावं तशी तरुण होतात. थोडक्यात, तुम्ही पाहिलेली तापमानं एकाच वेळची नाहीतच.

शिस्टप्रेमी
थर घडी पडून उलटले असतील, ही शक्यता इतक्या चटकन बाद करू नका. लडाखमधल्या झांस्करमध्ये आयसोग्रॅडच (रूपांतरणाच्या समान पायरीच्या रेषा) आडव्या घडीत दुमडल्याचं सर्ल आणि रेक्स यांनी १९८९ मध्ये दाखवलंय.

गारगोटी
मान्य, पण मग वरच्या बाजूला घडीची सरळ क्रमाची दुसरी भुजाही (बाजूही) सापडायला हवी. झांस्करमध्ये ती आहे.

कुतूहल_२१
माझ्याकडे गार्नेट शिस्टचे (गार्नेट असलेल्या पापुद्री खडकाचे) सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ छेद आहेत. त्यांत काही कळेल?

गारगोटी
गार्नेटच्या पोटातल्या क्वार्ट्झच्या बारीक कणांची रांग बघा. ती नागमोडी वळलेली असेल तर खडक सरकत असतानाच गार्नेट वाढलंय. कडेचा क्लोराइट मात्र मोजू नका, तो बहुतेक वेळा नंतर थंड होताना आलेला असतो. आणि प्रत्येक नमुन्याचा दाबही काढा, नुसत्या तापमानावर कुठलंच मॉडेल ठरत नाही.