घाबरवलं की लोक पर्यावरणासाठी काही करतात का?

पाणकावळा

क्लायमेटच्या धास्तीवर हल्ली पुरवण्यांमधून एवढं येतंय, कॉलेजात वर्कशॉप काय, शपथा काय, आणि सगळ्यांच्या मागे गृहीतक एकच, की माणूस एकदा नीट घाबरला की आपोआप नीट वागायला लागतो. वितळणाऱ्या हिमनद्या दाखवा, जळणारी जंगलं दाखवा, मग पोरं कापडी पिशवी घेऊन बाजारात जातील. मला हे आधीपासून पटत नव्हतं, या विषयावरचं मानसशास्त्रातलं संशोधन वाचल्यावर तर अजूनच पटेनासं झालंय.

सगळ्यात गाजलेला सर्व्हे २०२१ चा, लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमधला, कॅरोलाइन हिकमन आणि मंडळींचा. १० देश, १६ ते २५ वयाची १०,००० मुलंमुली, भारत पण त्यात. ५९ टक्के म्हणाले खूप किंवा प्रचंड काळजी वाटते, ४५ टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की याचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, म्हणजे झोप, खाणं, अभ्यास वगैरे. भारतात तर हा दुसरा आकडा तीन चतुर्थांशाच्या घरात. बातम्या याच्याच झाल्या. पण तो सर्व्हे भावनांचा आणि सरकारवरच्या विश्वासाचा होता, मुलं प्रत्यक्षात वागतात कशी याचा नव्हता, हे बातमीत कोण लिहिणार.

वागण्याचं बघायचं तर सुझन क्लेटन आणि ब्रायन काराझिया यांनी २०२० मध्ये ही धास्ती मोजायला १३ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली, आणि त्यांनाच असं दिसलं की धास्तीचं नातं भावनांशी जुळतं, वागण्याशी जुळत नाही. त्यानंतर २०२४ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये ६३ देशांतल्या ५९ हजारांवर लोकांचा प्रयोग आला, माझ्या मते या वादातला सगळ्यात दणकट पुरावा. ११ वेगवेगळ्या युक्त्या करून बघितल्या, त्यातली एक म्हणजे सरळ घाबरवणारा मजकूर वाचायला देणं. त्याने काय वाढलं? सोशल मीडियावर शेअर करायची तयारी, १२ टक्क्यांच्या आसपास, सगळ्या युक्त्यांत जास्त. आणि झाडांचं काम होतं, म्हणजे स्क्रीनवर कंटाळवाणे आकडे तपासत बसायचं, जितकी पानं तपासाल तितकी खरीखुरी झाडं लावली जाणार, ते मात्र ११ पैकी एकाही युक्तीने वाढलं नाही, काहींनी तर उलट कमीच झालं. घाबरलेला माणूस फॉरवर्ड करतो, बास.

तर माझं म्हणणं, घाबरवणं बंद करा. बोला आता.

तिखटजाळ

सोयीचे अभ्यास बरोब्बर वेचलेत. २०२२ चा ओगुनबोडे आणि सहकाऱ्यांचा ३२ देशांचा अभ्यास कुठे गेला? १२ हजारांवर लोक होते त्यात, आणि २४ देशांमध्ये ज्यांना धास्ती जास्त त्यांचं पर्यावरणाला धरून वागणंही जास्त असंच निघालं. आंदोलनात उतरण्याशी नातं कमी ठिकाणी दिसलं, १२ देशांत, पण दिसलं ना?

आणि अभ्यास बाजूला ठेवा. ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पाडायला सुरुवात झाली, तेव्हा जी पोरं धावत गेली, २९ जणांना अटक झाली, ती काय इन्फोग्राफिक आवडलं म्हणून गेली होती?

पाणकावळा

@तिखटजाळ, त्याच अभ्यासात ३२ पैकी ३१ देशांत धास्ती जास्त तिथे मनःस्वास्थ्य कमी असंही निघालंय, ते तुम्ही गाळलंत. म्हणजे झोप घालवून पिशवी मिळवायची असा सौदा झाला.

आणि आरेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती भीती नव्हती हो, संताप होता. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टॅनली वगैरेंनी पाच हजारांवर लोकांमध्ये राग, धास्ती आणि उदासी असं वेगवेगळं मोजलं, तर ज्यांना क्लायमेटबद्दल राग होता तेच आंदोलनातही जास्त आणि त्यांची मानसिक तब्येतही बरी. नॉर्वेतल्या अभ्यासातही आंदोलनाशी रागाचंच नातं सगळ्यात घट्ट निघालं.

तिखटजाळ

आणि तो राग आभाळातून पडतो का? ज्याला कशाचंच काही वाटत नाही त्याला राग कशाला येईल. आधी पोटात गोळा येतो, मग कोणामुळे हे कळतं, मग डोकं फिरतं. तुम्ही पहिलीच पायरी काढून टाका म्हणताय.

स्टॅट्सवाली

दोघांनीही जरा दम खा. हे सगळे, म्हणजे तो ६३ देशांचा प्रयोग सोडला तर बाकी सगळे, एकाच वेळी प्रश्न विचारून केलेले अभ्यास आहेत. त्यातून आधी भीती मग वागणं असं काही ठरत नाही, तिखटजाळ यांच्या पायऱ्या पण नाही आणि पाणकावळा यांचा सौदा पण नाही. जो आधीपासून चळवळीत आहे तो जास्त वाचतो, जास्त वाचतो म्हणून जास्त धास्तावतो, असंही असू शकतं की.

दुसरं, क्लेटनची मोजपट्टी नक्की काय मोजते ते बघा. क्लायमेटच्या विचारांनी झोप लागत नाही का, रडू येतं का, काम नीट होत नाही का, असले प्रश्न आहेत. म्हणजे धास्तीने माणूस कितपत अडलाय ते. साधी काळजी वाटणं ही वेगळी गोष्ट, ती त्यात येतच नाही. ज्याचं कामावरच लक्ष लागत नाही तो कचरा वेगळा करत नाही यात आश्चर्य काय? त्यावरून काळजी वाटून काही होत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही आणि धाग्यात नेमका तोच काढलाय.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वागणं म्हणून जे मोजतात ते बहुतेक वेळा लोकांनी स्वतःच सांगितलेलं असतं. दिवे बंद करता का, हो करतो. बसने जाता का, हो जमेल तसं. कॉर्मॉस आणि गिफर्ड यांनी २०१४ मध्ये असे अभ्यास एकत्र करून बघितले होते, लोकांनी सांगितलेल्या वागण्यावरून खरोखर मोजलेल्या वागण्यातला माणसामाणसांतला फक्त २१ टक्के फरक कळतो, बाकी ७९ टक्के अधांतरी. त्यामुळे २४ देश की १२ देश यावर भांडण्याआधी हे लक्षात असू द्या की ते विजेचं बिल नाहीये, लोकांचं स्वतःबद्दलचं मत आहे. झाडांचं काम निदान डोळ्यांसमोर झालेलं होतं म्हणून त्याला मी जास्त मार्क देते, पण तेही काही मिनिटांचं स्क्रीनवरचं काम, त्यावरून आयुष्यभराच्या सवयींवर बोलू नये.

पाऊसवेडा

कॅनडातल्या व्हँकुव्हरहून लिहितोय. जून २०२१ ला इथे हीट डोम झाला, म्हणजे गरम हवा झाकणाखाली कोंडल्यासारखी अडकून बसली, लिटन गावात ४९.६ डिग्री, दुसऱ्या दिवशी गाव जळालं, आमच्या प्रांतात सहाशेवर माणसं गेली. योगायोगाने आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा धास्ती मोजणारा एक अभ्यास इथे झाला त्यात ती जवळपास १३ टक्क्यांनी वाढलेली निघाली. आमच्या घरात वागणं बदललं का म्हणाल तर हो, एसी घेतला. शेजाऱ्यांनीही घेतला. आता हे पर्यावरणपूरक वागण्यात धरायचं की विरुद्ध बाजूला ते तुम्ही तज्ज्ञ लोक ठरवा.

आजरा_घनसाळ

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातला. तुमचा धागा वाचून गंमत वाटली म्हणजे वाईट नका वाटून घेऊ, पण या सगळ्या चर्चेत आमचा कुठं पत्ताच नाही. आमच्याकडं जुलै लागला की घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, तिकडं सांगलीवाल्यांचं आयर्विन पुलावर लक्ष, कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती सोडलं, रात्री दोनला उठून बघणारी माणसं आहेत. २०१९ ला पाणी शिरलं, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, २०२१ ला परत शिरलं. आता आईला विचारा की बाई तुला हवामान बदलाच्या विचाराने झोप लागत नाही का, ती म्हणणार नाही बा, मला पाण्याच्या विचाराने लागत नाही. म्हणजे तुमच्या १३ प्रश्नांत ती ठणठणीत.

आणि धास्तीने आमचं वागणं बदललंय, भरपूर बदललंय. धान्य माळ्यावर, जनावरं कुठल्या पाहुण्याकडं न्यायची ते मे महिन्यातच ठरलेलं, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका पिशवीत (हो प्लास्टिकच, तिथं कापडी चालत नाही). याला तुमच्या अभ्यासात मार्क शून्य. मग आमच्यासारख्या देशांत धास्ती आणि वागणं यांचा संबंध कमी दिसला तर त्यात नवल काय. करायला वाव असला पाहिजे ना माणसाला. गाडी सोडून द्या म्हणायला आधी गाडी पाहिजे, विमानाचं तर लांबच.

स्टॅट्सवाली

@आजरा_घनसाळ, तुमची शंका अगदी वर्मावर आहे. त्याच ३२ देशांच्या अभ्यासात धास्ती आणि वागणं यांचं नातं श्रीमंत आणि व्यक्तिवादी देशांत जास्त घट्ट निघालं होतं. आणि हिकमनच्या सर्व्हेत भारतातली मुलं इंटरनेटवाली आणि इंग्रजी येणारी होती, हे लेखकांनी स्वतः मर्यादा म्हणून लिहिलंय. तुमच्या आईंचा त्यात नंबर लागणारच नव्हता.

चहाटळ

मला एक सांगा, २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पहिल्या महिन्यात अख्खा बाजार कापडी पिशव्या घेऊन फिरत होता, त्याआधी कोणी समुपदेशन केलं होतं का लोकांचं? पाच हजार रुपये दंड. भीती पृथ्वीची नव्हती, पावतीची होती. आणि तपासणी थंडावली तशा काळ्या पिशव्या भाजीवाल्याकडे परत हजर. एवढे सर्व्हे करण्यापेक्षा एक इन्स्पेक्टर स्वस्त पडेल.

बाकी कोल्हापूरकरांना दंडवत, त्यांच्या पोस्टनंतर धागा इथेच वाचनमात्र केला तरी चालेल.

मधली_सुट्टी

वाचनमात्र नको, मला बोलायचंय. मी नववी-दहावीला शिकवते. पाणकावळा, तुम्ही घाबरवणं बंद करा म्हणता, पण वर्गात नेमकं काय करायचं ते सांगा ना. पोरांच्या हातात फोन आहेत, खारघरला २०२३ ला भर कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली ते त्यांनी पाहिलंय, दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी पाहिलीय. मी न घाबरवताही ती घाबरलेली असतात आणि मी जर म्हटलं काही नाही रे सगळं ठीक होईल, तर दोन मिनिटांत माझी किंमत शून्य होते. खोटा धीर मुलांना लगेच कळतो.

स्वीडनमध्ये मारिया ओयाला नावाच्या संशोधक बाईंनी मुलांवर बरीच वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं मुलं या काळजीला तीन तऱ्हांनी तोंड देतात. काही जण एवढं काही नाही म्हणून विषय झटकतात, काही जण लगेच काय करता येईल त्याला भिडतात, आणि काही जण धोका मान्य करून त्यातच अर्थ शोधतात, की लोक काम करतायत, पूर्वीही अवघड प्रश्न सुटलेत. दुसऱ्या तऱ्हेची मुलं कामाला लागतात खरी पण त्यांचाच जीव जास्त टांगणीला लागतो, तिसरी तऱ्हा जमली तर काळजी असूनही मूल हसतंखेळतं राहतं आणि काहीतरी करतंही. मला वर्गात हे रोज दिसतं. त्यामुळे तुमचा घाबरवा की घाबरवू नका हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. घाबरणं झालेलंच आहे, पुढचं बोला.

पाणकावळा

@मधली_सुट्टी, खोटा धीर द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मी म्हणतोय पैसा आणि वेळ धास्ती वाढवण्यात घालू नका. ६३ देशांच्या त्याच प्रयोगात धोरणांना पाठिंबा सगळ्यात जास्त कशाने वाढला, तर पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाला पत्र लिहायला लावल्याने. वाढ अडीच टक्क्यांच्या आसपासच, पण वर्गात हे एका तासात करून घेता येतं, जळक्या जंगलांच्या व्हिडिओपेक्षा बरं.

@चहाटळ, इन्स्पेक्टरला माझा पूर्ण पाठिंबा. पण इन्स्पेक्टर नेमायला लावणारा मतदार कुठून आणणार?

तिखटजाळ

तेच तर मी दुपारपासून सांगतोय, मतदार रागावल्याशिवाय हलत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, मनःस्वास्थ्याच्या सौद्याबद्दल. सारा श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास बघा. क्लायमेटच्या धास्तीबरोबर नैराश्य वाढलेलं दिसत होतं, पण जी मुलं इतरांबरोबर मिळून काहीतरी करत होती त्यांच्यात ते नातं सैल पडलं. एकेकट्याने दिवे बंद करणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही. म्हणजे औषध भीती घालवणं नाही, पोरांना एकत्र आणणं आहे. कोल्हापूरकरांकडे बघा, अख्खं गाव मिळून जनावरं हलवतंय.

पाणकावळा

श्वार्ट्झचा अभ्यास २८४ अमेरिकन विद्यार्थ्यांचा आहे. त्यावर शिरोळचं औषध लिहून देताय?

तिखटजाळ

आणि तुम्ही ज्यावर धागा काढलात त्या क्लेटनच्या पट्टीचे लोक कुठले होते? तेही अमेरिकनच, ऑनलाइन पैसे देऊन प्रश्न भरून घेतलेले, दोनदा दोनशेच्या आसपास. तेव्हा चाललं.

आजरा_घनसाळ

गाव एकत्र येतंय हे खरं आहे पण उगाच गोड करून सांगू नका. पाणी ओसरलं की पंचनाम्यात कुणाचं नाव लागलं, कुणाचं राहिलं यावरनं त्याच गावात सहा महिने बोलणं बंद असतं. त्याचा पण अभ्यास करा म्हणावं कुणीतरी.