हंगामापूर्वी शिकारी कुत्र्याची तयारी : आठ आठवड्यांची मेहनत की बारमाही काम?

पहाटवारा (धागाकर्ता)

जिथे परवान्याने शिकार चालते, तिथे हंगामाच्या पहिल्या दिवशी हटकून एक दृश्य दिसते. सहा-आठ महिने अंगणात लोळून अंगाने सुटलेला कुत्रा पहाटे गाडीतून उडी मारतो, दोन तास जिवाच्या आकांताने धावतो, आणि ऊन चढू लागले की त्याची जीभ पसरट होऊन कडांनी चमच्यासारखी वर वळते. दुसऱ्या दिवशी तो जागचा हलत नाही. पंजा उचलून पाहावे तर तळव्याची गादी सोलून आतला गुलाबी भाग उघडा पडलेला असतो. मालक मात्र ‘जरा दमलाय’ म्हणून मोकळा होतो.

माझे मत असे, की निदान आठ आठवडे पद्धतशीर व्यायाम झाल्याशिवाय कुत्र्याला रानात उतरवूच नये. माणूस दमला की बसतो. पण वासावर लागलेला पॉइंटर जातीचा कुत्रा किंवा पाण्यातून पक्षी आणणारा लॅब्राडोर पाय चालतील तोवर थांबत नाही, त्यामुळे त्याच्या दमाचा अंदाज आधीपासून आपल्यालाच असावा लागतो. आधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. मग पहिले दोन आठवडे एक दिवसाआड वीस मिनिटे दुडकी चाल, तीही मऊ मातीवर. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने पडतात आणि शरीराच्या दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो. पुढे वेळ थोडा थोडा वाढवून चढाची वाट घ्यावी, आणि पाचव्या आठवड्यापासून छोट्या धावा व पोहणे सुरू करावे. शेवटचे काही दिवस खडबडीत जमिनीवर चालवावे, कारण गाद्या हिरवळीवर टणक होत नाहीत.

रानवाट

दृश्य खरे आहे, उपाय पटत नाही. आठ आठवड्यांत कुत्र्याचा दमसास वाढतो आणि स्नायूही भरतात, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या), अस्थिबंध (हाडे एकमेकांना जोडणारे पट्टे) आणि हाडे यांना बळकट व्हायला त्याहून बराच जास्त काळ लागतो. म्हणजे इंजिन तयार आणि सांगाडा कच्चा, अशी गाडी आपण रानात सोडतो. माझी कुत्री अशाच वेळापत्रकाच्या सहाव्या आठवड्यात सायकलीच्या बाजूने धावताना वळली आणि मागचा उजवा पाय उचलून तीन पायांवर उभी राहिली. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. तो हंगाम तर गेलाच, पुढचाही गेला.

शिवाय सायकलीशेजारची धाव सरळ रेषेतली असते. शिकारीत कुत्रा नागमोडी धावतो, एकदम थबकतो, झुडपात घुसतो, ओहोळ ओलांडतो. ज्या हालचाली करायच्या त्यांचा सराव झाला नाही, तर नुसते अंतर कापून काय साधणार? मूळ चूक कुत्र्याला सहा महिने बसवून ठेवण्यात आहे. वर्षभर रोज तासभर मोकळ्या माळावर फिरणाऱ्या कुत्र्याला वेगळी तयारी कशाला हवी?

औषधपेटी

मी पशुवैद्य आहे. दोघांच्याही लिखाणात दोन गोष्टी सुटल्या आहेत.

एक, उष्णता. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांच्या तळव्यांना, तोही नाममात्र. अंग थंड ठेवण्याचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणे, आणि हवा दमट असेल तर तोही तोकडा पडतो. त्याचे नेहमीचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असते. मेहनतीत ते वाढणारच. पण 41 च्या वर गेले आणि कुत्रा झोकांड्या देऊ लागला, तर काम तिथेच थांबवून आधी त्याला पाण्याने भिजवावे, वारा घालावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. अनेक ठिकाणी ही पूर्वतयारी ऐन उन्हाळ्यात येते, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरी, वजन. बरगड्या डोळ्यांना फारशा दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात. जाड कुत्र्याला पळवून बारीक करू नका. आधी खाणे कमी करा, मग पळवा. लांब पल्ल्याच्या कामात कुत्र्याचे स्नायू मुख्यतः चरबीवर चालतात, म्हणून काम वाढेल तसा आहारातला स्निग्धांश हळूहळू वाढवावा. भरल्या पोटी मात्र पळवू नये.

बांधावरून

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्वीच्या लोकांनी कुत्र्यांची वेळापत्रके कधी लिहिली होती? कुत्री धावतच होती की.

औषधपेटी

ती कुत्री दिवसभर माणसांमागे चालत असत, सोफ्यावर झोपत नसत. आणि त्यांतली किती लंगडी झाली, याची नोंद कोणी ठेवली नाही.

पहाटवारा (धागाकर्ता)

@रानवाट, आपल्या कुत्रीबद्दल वाचून वाईट वाटले. सायकलीचा आग्रह मी धरलेला नाही, पण नागमोडी हालचालींचा मुद्दा माझ्या लिखाणात राहिला, हे मान्य. वर्षभर फिरवणे उत्तमच, मात्र फिरणे म्हणजे तयारी नव्हे. तासभर हुंगत हिंडणारा कुत्रा आणि दिवसाचे पाच-सहा तास काम करणारा कुत्रा यांच्यात मोठी तफावत असते, आणि ती पहिल्या दिवशी रानात भरून काढायची की आधी टप्प्याटप्प्याने, एवढाच माझा प्रश्न आहे. कंडरा सावकाश बळकट होतात म्हणता, तर त्यावरून आठाऐवजी बारा आठवडे घ्यावेत असे निघते. तयारीच नको असे कसे निघेल?

उष्णतेचे म्हणाल, तर व्यायाम उजाडतानाच उरकावा. मात्र उन्हाची थोडी सवय हवीच, कारण हंगामाचे पहिले दिवस बहुधा गरम असतात आणि थंड खोलीतून थेट रानात गेलेला कुत्राच आधी कोसळतो.

रानवाट

बारा आठवडे म्हणत असाल तर आपल्यातले अंतर कमी झाले. तरी दोन गोष्टींवर मी ठाम आहे. वर्षाच्या आतल्या, आणि थोराड जातीत दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला यातले काहीही लावू नये, कारण त्याच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. आणि वेळापत्रक कितीही चांगले असो, कुत्र्याच्या चालीत किंचित जरी फरक दिसला तरी त्या दिवसाचा व्यायाम रद्द करावा. माझ्या कुत्रीने आदल्या संध्याकाळी बसताना तो पाय बाजूला टाकला होता. मी पाहिले होते, पण कागदावर पुढच्या दिवशी चाळीस मिनिटे लिहिली होती.