स्ट्रोकनंतर स्वतःच्या हाताने पहिली गोष्ट कोणती जमली? (अनुभव धागा)

पार्लेकरीण
काल दादरला फेरीवाल्याकडून कपड्यांचे चिमटे घेतले, डझनाला तीस रुपये, आणि पिशवीत टाकताना एकदम बाबाच आठवले. २०१६ ला मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. चारेक महिन्यांनी ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं परत शिकवतात ती) मॅडमनी असेच चिमटे ताटाच्या काठाला लावायला सांगितले होते. आठ दिवस एकही लागला नाही. अंगठा दाबच धरायचा नाही, चिमटा जरा तोंड उघडायचा की हातातून उडून थेट फ्रिजखाली. आई झाडूच्या दांड्याने काढायची, पुसून परत द्यायची, एकदाही वैतागली नाही (तो सगळा वैताग आमच्यावर). नवव्या दिवशी एक लागला. ते ताट आईने रात्रीपर्यंत ओट्यावर तसंच ठेवलं, घासायलाच घेतलं नाही. बाबा गेल्या वर्षी गेले, दुसऱ्याच कारणाने. शेवटपर्यंत शर्टाची बटणं स्वतः लावायचे, वीस मिनिटं लागायची पण मध्ये कोणी हात घातलेला खपायचा नाही. तुमच्याकडे आधी काय जमलं? लिहा ना.

तिसरा मजला लालबाग
जिना!! चाळीचा लाकडी जिना, ४६ पायऱ्या, सासूबाई तीन महिने खाली उतरल्या नव्हत्या. फिजिओने शिकवलं चढताना चांगला पाय आधी, उतरताना आजारी पाय आधी, काठी चांगल्या हातात. खाली खेळणारी पोरं ओरडायची "आजी, आजारी पाय!" अख्ख्या चाळीला पाठ झालं होतं ते. गणपतीत मंडपापर्यंत स्वतःच्या पायाने गेल्या आणि पहिलं काम काय केलं तर डेकोरेशनला नावं ठेवली 😄

सक्तीचा डावखुरा
डाव्या हाताने टाइप करतोय चुका पोटात घाला. वय ५३. पहाटे उठलो तर उजवा हात जड, वाटलं झोपेत अंगाखाली आला असेल. बायको म्हणाली तोंड वाकडं दिसतंय, मी म्हटलं आंघोळ करून येतो मग बघू. हॉस्पिटलला पोचेपर्यंत दुपार. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि झोपेत झालं असेल तर रात्री शेवटचे धड कधी होतो तिथून वेळ धरतात, हे सगळं नंतर कळलं. असो. पहिली गोष्ट लेंग्याची नाडी, पाचव्या महिन्यात. तोवर मुलगा बांधायचा, २२ वर्षांचा पोरगा, बांधून होईपर्यंत दोघंही भिंतीकडे बघायचो.

निमाची आई
काका इलॅस्टिक घाला ना

सक्तीचा डावखुरा
आता तेच घालतो. पण एकदा बांधून दाखवायची होती.

कोशिंबीर
आमच्या आईला उजव्या मेंदूत होता म्हणजे डावी बाजू. घरी आल्यावर रोज ताटात चटणी, लोणचं, कोशिंबीर तशीच उरायची. आम्हाला वाटलं तोंडाला चव नसेल. मावशी तर रुसली, तिने मुद्दाम खमंग काकडी केलेली. मग थेरपिस्टने घरी येऊन पाहिलं आणि काही न बोलता ताट फिरवलं. आईने लगेच कोशिंबीर खाल्ली, भाजी राहिली! ताटाची डावी बाजू तिच्यासाठी नव्हतीच, डोळे ठीक होते, लक्षच तिकडे जायचं नाही. मग टीव्ही डावीकडे, पाण्याचा तांब्या डावीकडे, आम्ही बोलायला डावीकडे बसायचो म्हणजे मान वळलीच पाहिजे. दोन महिन्यांनी एकदा जेवताना आपणहून म्हणाली, चटणीत मीठ कमी आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गिरगावचा बाब्या
पपांचं बोलणं गेलेलं, "पाणी" पण म्हणता येत नव्हतं. पण पाढे सुरू करून दिले की बारापर्यंत घडाघडा, आरतीसुद्धा पूर्ण. स्पीचवाली ताई म्हणाली पाठ असलेलं, सवयीचं बोलणं बरेचदा शाबूत राहतं. त्यात शिव्याही येतात हे आम्हाला मामा भेटायला आला तेव्हा समजलं. इतकं स्पष्ट उच्चारण!! आई लाजून आत, मामा खुश, "भावोजी बरे झाले"

तिसरा मजला लालबाग
😂😂 बिचारा मामा

वसईकर
आमच्याकडे गावाहून काका कबुतर घेऊन आले होते, रक्ताने मालिश करायची म्हणे. मुंबईत कबुतर गावाहून आणणारा हा पहिला माणूस. आईने खिडकीतून सोडून दिलं, ते समोरच्या एसीवर जाऊन बसलं, काका जाईपर्यंत तिथेच. कोणी सांगितलं तरी करू नका असलं काही, त्यात व्यायामाचे दिवस जातात.

निमाची आई
एक महत्त्वाचं, घाईत लिहितेय कुकर लावलाय. उठवताना आजारी हाताला धरून ओढू नका. खांदा ढिला झालेला असतो, सांध्यातून सरकतो. आमच्या आयाबाईने प्रेमानेच ओढलं, पुढे सहा महिने सगळा व्यायाम त्या दुखण्यापायी अडला. आणि शर्ट घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. शिट्टी झाली येते

कोशिंबीर
+१. आणि भरवू नका. आमच्याकडे बाई भरवायची कारण सांडलं की तिलाच पुसावं लागायचं.

नवीन आहे
वडिलांना तीन आठवडे झाले. मूठ घट्ट मिटते, उघडत नाही. दिवसभर गप्प असतात, मध्येच रडतात. कुठे दाखवू? सायनला राहतो.

पार्लेकरीण
हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारचं, १९५५ पासूनचं. फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच, स्प्लिंट (हात-पाय नीट स्थितीत धरणारा आधार) सगळं एका जागी. मूठ जोर लावून उघडू नका, मनगट वाकवलं की बोटं जरा सैलावतात, पण नीट त्यांच्याकडूनच शिकून घ्या. रडण्याचं डॉक्टरांना नक्की सांगा, झटक्यानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, त्यावर औषध असतं.

सक्तीचा डावखुरा
मी पण रडायचो. जाहिराती बघून सुद्धा. आवरायचंच नाही. त्यांना सांगा एका काकांना नाडी जमली.

नवीन आहे
सांगितलं. हसले थोडे, एका बाजूने.

वसईकर
लोकलच्या दिव्यांग डब्यात धडधाकट लोक चढतात त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी, माझं बीपी वाढतंय

गिरगावचा बाब्या
बीपी नको वाढवू बाबा, इथे तर नकोच 😅

निमाची आई
आले. ताई ते चिमटे लाकडी की प्लास्टिकचे? आमच्या प्लास्टिकवाल्यांची स्प्रिंग फारच कडक होती, बोटात जोर येईपर्यंत उपयोगच नव्हता.

पार्लेकरीण
प्लास्टिक. पण ढिले आहेत, कपडे वाळत घातले तर उडतील बहुतेक.