बी विंग पार्किंग ग्रुप : स्टिअरिंगचं एस्टिमेट

सुनील बी-५०४: कुणाला स्टिअरिंगमधलं कळतं का? स्विफ्ट, ६८ हजार किमी. खड्ड्यात डावीकडून खटखट. वर्कशॉपवाले अख्खा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) बदला म्हणतायत. रॅक १३,८००, टाय रॉड एंडची (रॅक चाकाला जोडणारे बाहेरचे सांधे) जोडी १,२००, दोन्हीवर २८% जीएसटी. लेबर ३,५०० + अलाइनमेंट ५००, त्यावर १८%. एकूण २३,९२०. सकाळी ११ पर्यंत हो-नाही कळवायचंय 😡

जोशी काका ए-२०२: गेटजवळचा स्पीडब्रेकर. गणपतीच्या आधीपासून लिहितोय मी.

स्मिता बी-३०१: सुनील, हो म्हणू नकोस अजून. पहिली गोष्ट, पार्ट्सवर २८% कुठून आला? २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्ट्सना १८ लागतो. १५ हजारांच्या पार्ट्सवर तिथेच १,५०० कमी झाले.

सुनील बी-५०४: अरे!! हे लक्षातच नाही आलं

स्मिता बी-३०१: आता रॅकचं. गाडी तुझ्यासमोर जॅकवर घ्यायला सांग. पुढचं चाक ३ आणि ९ वर धरून हलवायचं. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या टोकाचा आतला सांधा, म्हणजे रॅक एंड. नेमका कुठला ते बघायला दुसऱ्याने रॅक एंडवरच्या रबरी बूटवर (कव्हरवर) हात ठेवायचा, आतून टकटक जाणवली की रॅक एंड. १२ आणि ६ वर हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, मग रॅकचा काही संबंध नाही.

सावंत काका ए-१०४: स्टिअरिंग न फिरवता नुसत्या खड्ड्यात वाजतंय ना? मग आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) बघा. एक ५०० ते ९०० ला येतो, दोन नटांचं काम. पुष्कळदा तोच निघतो आणि बिल रॅकचं होतं.

ओंकार बी-१०२: काका, उभ्या गाडीत फिरवताना वरून कटकट आली तर?

सावंत काका ए-१०४: स्ट्रट माउंट, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वर जिथे बसतो ते, आणि त्याचं बेअरिंग. चालत्या गाडीत पूर्ण वळवून टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट.

जोशी काका ए-२०२: हे सगळं होतं कशामुळे? गेटजवळचा स्पीडब्रेकर. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमात हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. आपला फूटभर रुंद आहे.

सचिव: नमस्कार. कृपया या ग्रुपवर फक्त पार्किंगचे विषय घ्यावेत. स्पीडब्रेकर एजीएममध्ये मंजूर झालेला आहे. 🙏

जोशी काका ए-२०२: मंजूर झाला तेव्हा हजर किती होते तेही लिहा की.

प्रिया बी-४०३: पार्किंगचाच विषय घ्या मग. व्हिजिटरच्या जागेत टेम्पो उभा असतो म्हणून आम्हाला खांबाशी जागच्या जागी स्टिअरिंग पिळावं लागतं. त्याने रॅक जात नाही का?

स्मिता बी-३०१: भार पडतो, टायरही घासतात. गाडी इंचभर सरकू देत फिरवायची. पण एवढ्याने रॅक जात नाही. रॅक जातो बूट फाटल्यावर, पाणी आणि माती आत शिरते. बूट १५० ते ३०० चा. तो फाटलेला दिसत असून कुणी बदलत नाही.

ओंकार बी-१०२: टेम्पो फक्त रात्री असतो. आणि त्याचा खर्च ऐकलात तर दया येईल 😄 किंगपिन सेट (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन आणि तिचे बुश) बसवताना बुश रीम करावे लागतात, दोन्ही बाजूंचं लेबरच अडीच-तीन हजार.

प्रिया बी-४०३: दया आली. आता हलवा.

मंगेश ए-५०१: इनोव्हाचं काय? वळवताना घूंऽ आवाज करते.

सावंत काका ए-१०४: ती हायड्रॉलिक आहे. आधी ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर नुसतं ओतू नका, गळतंय कुठे ते शोधा. पंपाचं सील किट हजाराच्या आसपास, लेबर दीड-दोन हजार. रॅक ओव्हरहॉल ५ ते ८ हजार. नवा रॅक २५ च्या पुढे. आणि पूर्ण वळवून धरून ठेवायचं नाही, पंप तापतो.

स्मिता बी-३०१: स्विफ्टसारख्या गाडीत पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवर (स्टिअरिंगखालच्या दांड्यावर) असते, म्हणून रॅक त्यामानाने स्वस्त. मोटरसकट कॉलम गेला तर मात्र २० ते ३५ हजार. पण ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागला म्हणून लगेच कॉलम बदलायचा नाही, आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि टर्मिनल तपासायचे.

मंगेश ए-५०१: आणि ए-६०२ ची जर्मन गाडी? 😜

सावंत काका ए-१०४: इलेक्ट्रिक रॅक लाखाच्या वर, कोडिंग वेगळं. त्यांना विचारू नका, आधीच मेंटेनन्स थकलाय.

ए-६०२: मी ग्रुपवर आहे सावंत साहेब.

सावंत काका ए-१०४: गंमत केली हो. 🙏

जोशी काका ए-२०२: गेटजवळचा स्पीडब्रेकर.

सुनील बी-५०४: जॅकवर घेतली. डावीकडे ३-९ वर प्ले आहे, बूट फाटलाय, आतून टकटक लागते. १२-६ घट्ट. लिंक रॉड ठीक.

स्मिता बी-३०१: म्हणजे डावा रॅक एंड. ५०० ते ९०० चा. बूट नवा, क्लिपसकट. बूट काढल्यावर रॅकचा दांडा पुसून बघायला सांग, गंजाचे खड्डे नसतील तर रॅक ठेव. टाय रॉड एंडचं रबर फाटलं असेल तरच तो बदल. काढताना आटे मोजून तेवढ्याच आट्यांवर परत बसवायचा, म्हणजे गाडी सरळ अलाइनमेंटपर्यंत जाते. स्प्लिट पिन नवी. शेवटी अलाइनमेंट हवीच, नाहीतर महिन्याभरात टायरची कड खाल्ली जाते.

सावंत काका ए-१०४: लेबर, अलाइनमेंट धरून अडीच हजार. तीनच्या वर मागितले तर पार्ट नाना पेठेतून आणा, बिल आणि कंपनीचं सील बघून.

सुनील बी-५०४: वर्कशॉप म्हणतंय रॅक एंड सुटा मिळत नाही.

स्मिता बी-३०१: मिळतो. पार्ट नंबर लिहून माग, मग मिळेल.

ओंकार बी-१०२: अ‍ॅक्टिव्हाचं हँडल मधोमध अडकतं, तेही सांगा ना.

सावंत काका ए-१०४: कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. ३०० ते ४५०, लेबर तेवढंच. खालच्या-वरच्या वाट्या दोन्ही बदला, नुसते छर्रे नको. आणि टेम्पो हलवा.