मदत हवी आहे: जुन्या गाडीचा बंपर चेपलाय

खटपट्या
पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात आत गेलाय, खालच्या कडेला गंज आहे. ठोकून काढतो आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरतो. वरून कोणता स्प्रे मारू? प्रदर्शन जवळ आलंय, लांबलचक उत्तरं नकोत.

पानापक्कड
कुठल्या सालची गाडी? बंपर रंगवलेला की क्रोमचा? चुंबक चिकटतो का?

निळा धूर
सोपं आहे. कडकडीत गरम पाणी ओता आणि आतून ढकला. माझा असाच टक्कन बाहेर आला.

पानापक्कड
धूरसाहेब, तुमचा प्लास्टिकचा होता. इथे पत्रा आहे.

खटपट्या
अर्थात क्रोमचा! साठच्या दशकातली गाडी, दुसरं काय असणार? चुंबक चिकटतो. स्प्रेचं सांगा.

गॅरेजकाका
क्रोम आहे हे आधी सांगायचं ना. मग लांबी विसरा. लांबीतून वीज जात नाही, त्यामुळे तिच्यावर प्लेटिंग, म्हणजे विजेने चढवलेला धातूचा थर, बसत नाही. आणि डबीतला 'क्रोम' स्प्रे म्हणजे चंदेरी रंग. प्रदर्शनात लांबूनही ओळखू येतो.

खरी चकाकी मुख्यतः खालच्या निकेलची असते. वरचा क्रोम साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे नावापुरताच. थर फुटून पोलाद उघडं पडलं की गंज आतून पसरतो आणि कडेने पापुद्रे सुटतात. तेवढ्याच तुकड्यावर प्लेटिंग करून सांधा लपत नाही, अख्खा बंपर सोलावा लागतो.

क्रम असा: आधी प्लेटिंगवाल्याकडून जुने थर उतरवून घ्या. मग आतून डॉली (ठोकताना मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरून हळूहळू ठोका, चीर असेल तर वेल्डिंग करा, आणि गाडीवर चढवून पाहा. ही पायरी लोक गाळतात, मग चकचकीत बंपर भोकांवर बसत नाही म्हणून पुन्हा वाकवतात आणि नवा क्रोम तडकतो. गंजाचे खड्डे तांब्याचा जाड थर देऊन, घासून, पुन्हा थर देऊन भरतात. त्यानंतर निकेल, शेवटी क्रोम.

चमचम
एवढा खटाटोप कशाला? ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून चोळा, गंज गायब. मी कायम हेच करतो.

गॅरेजकाका
वरवरच्या डागांना फॉइल उत्तम. पापुद्रे सुटलेल्या कडेवर चोळाल तर उरलेलंही निघेल.

चमचम
तुमचा अनुभव तुमच्याकडे. माझे बंपर बघायला या.

लोहपुरुष
प्लेटिंगच्या कामात आम्लात बुडवलं की पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं, हे कुणी बोललंच नाही. नंतर भट्टीत तापवावं लागतं.

गॅरेजकाका
ते कडक, स्प्रिंगसारख्या पोलादाचं. मऊ पत्र्याला सहसा फरक पडत नाही. शंका असेल तर प्लेटिंगवाल्याला आधीच विचारा.

मूळरूप
मुळात क्रोम नव्याने करूच नये. डाग हा गाडीचा इतिहास आहे. मूळ रबरी पट्टी टिकून आहे का?

पानापक्कड
इतिहास नंतर. खटपट्या, क्रोम असताना ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नका. वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम तयार होतं, ते कर्करोगकारक आहे. मास्क लावून 'चालतंय' म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

खटपट्या
ठीक आहे, स्प्रे रद्द. पण बंपर सुटतच नाहीये. पाना लावला की गोल डोक्याचे बोल्ट जागच्या जागी फिरतात.

गॅरेजकाका
डोक्याखालची चौकोनी मान गंजून भोकात सैल झालीय. मागून नटावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. तरी न हलल्यास नट कापा, समोरचं डोकं मात्र ठोकू नका. आणि बोल्टच्या डोक्यांवर क्रोम असेल तर तेही बंपरसोबतच प्लेटिंगला द्या.

खटपट्या
डोक्यांवर स्टीलच्या टोप्या आहेत. त्या कशा काढायच्या?

मूळरूप
काढू नका!