मुलांच्या सॉकरसाठी सामायिक मैदाने आणि चार क्लबांची लीग

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

येत्या फॉलच्या हंगामासाठी शेजारच्या तीन क्लबांनी आपल्या मंडळाच्या क्रीडा समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. चारही क्लबांना पार्क विभागाकडून मिळणारी मैदानांची परमिटे एकाच वेळापत्रकात आणावीत आणि मुलांची लीग चौघांनी मिळून चालवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. आपण होकार द्यावा, असे मला ठामपणे वाटते.

२०२६-२७ च्या हंगामापासून युवा सॉकरच्या मोठ्या संघटना वयोगट जन्मवर्षाऐवजी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे मोजणार आहेत. एका इयत्तेतली मुले पुन्हा एका संघात येतील, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोणत्या क्लबात कोणत्या वयाची किती मुले, हे गणित त्यामुळे बदलेल आणि जुन्या आकड्यांवर मागितलेली परमिटे कुणाला जास्त, तर कुणाला अपुरी पडतील. आजसुद्धा एखाद्या क्लबाचे संघ शनिवारी बाहेर सामन्यांना गेले की त्याचे मैदान रिकामे राहते, आणि त्याच वेळी दुसऱ्या क्लबाची मुले अर्ध्या मैदानात दाटीवाटीने सराव करत असतात.

मापांचाही विचार व्हावा. नऊ-दहा वर्षांची मुले सात-सातच्या संघांत खेळतात आणि यू. एस. सॉकर या अमेरिकेच्या सॉकर महासंघाच्या मापांप्रमाणे त्यांना ५५ ते ६५ यार्ड लांब व ३५ ते ४५ यार्ड रुंद मैदान लागते. ११० बाय ७० यार्डांचे मोठे मैदान आडवे वापरले, तर अशी दोन मैदाने शेजारी शेजारी बसतात आणि राखीव खेळाडूंना व पालकांना उभे राहायलाही जागा उरते. मात्र सकाळी लहानांचे आडवे सामने आणि दुपारी मोठ्यांचा अकरा-अकराचा सामना हे दिवसभराचे नियोजन एका हाती असेल तरच जमते. नाहीतर लहान मैदानांच्या निळ्या रेषा कुणी आखायच्या आणि लहान गोलपोस्ट कुणी उचलायचे, यातच पहिला तास निघून जातो.

आपली मते अवश्य कळवावीत.

समन्वयक, क्रीडा समिती

---

ताई, नमस्कार.

प्रस्तावामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. तरीही काही गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय होकार देऊ नये, अशी विनंती आहे.

आपल्या मैदानावरचे गवत आज बरे दिसते, कारण पाऊस पडून गेल्यावर आपण मुलांना तिथे उतरू देत नाही. गवत सगळीकडे सारखे झिजत नाही. गोलच्या तोंडाशी, जिथे गोलरक्षक तासन्‌तास त्याच जागी पाय रोवतो, आणि बाजूच्या रेषेलगत, जिथे सहायक पंच सतत पुढे-मागे धावतात, तिथे आधी माती उघडी पडते आणि एकदा ओल्या मातीत बूट रुतले की तो भाग त्या हंगामात सहसा सावरत नाही. चार क्लबांची मुले आल्यावर ही शिस्त कोण पाळणार?

परमिट मंडळाच्या नावावर असताना दुसऱ्या क्लबाच्या मुलाला दुखापत झाली, तर जबाबदारी कुणाची, हेही कागदावर यायला हवे. शिवाय त्या क्लबांचे काही संघ निवडचाचणी घेऊन बांधलेले आहेत आणि आपण येईल त्या मुलाला घेतो. दर शनिवारी नऊ-शून्याने हरणारी मुले फार दिवस खेळत नाहीत.

एक पालक सभासद

---

काका, नमस्कार.

आपण गवताचा प्रश्न काढलात, हे फार बरे झाले, कारण मैदाने एकत्र करण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या दृष्टीने तेच आहे. एकच मैदान असलेल्या क्लबाला ते बंद ठेवता येत नाही. बंद ठेवले तर मुलांचा शनिवार बुडतो. चार मैदाने एका वेळापत्रकात असली, तर पाळीपाळीने एकाला आठवडाभर विश्रांती देता येईल आणि जागा असेल तिथे आखणी काही यार्ड सरकवून गोलच्या तोंडाची जागाही बदलता येईल. ओल्या दिवशी खेळायचे की नाही, हे चौघांनी नेमलेली एकच व्यक्ती सकाळी सात वाजता ठरवील आणि तो निर्णय कोणत्याही प्रशिक्षकाला फिरवता येणार नाही. ही अट करारात लिहून घेऊ.

परमिट आपल्याच नावावर राहील. विम्याचे म्हणाल, तर तिन्ही क्लबांनी आपापल्या प्रमाणपत्रांत मंडळाचे आणि पार्क विभागाचे नाव घालून ती हाती दिल्याशिवाय आपण सही करणार नाही. याला जोडून माझाही एक आग्रह आहे. हलवता येणारे गोलपोस्ट ज्याने हलवले, त्यानेच ते वाळूच्या पिशव्यांनी किंवा खुंट्यांनी जखडून मग मैदान सोडावे. न जखडलेले गोलपोस्ट अंगावर पडून या देशात मुलांचे जीव गेले आहेत, त्यामुळे इथे कुणालाही सवलत नको.

एकतर्फी सामन्यांची आपली काळजी रास्त आहे. एका वयोगटात प्रत्येक क्लबाचे दोन, असे आठ संघ धरले, तर पहिल्या तीन फेऱ्यांनंतर निकाल पाहून चार-चारचे दोन गट पाडता येतील आणि पुढच्या तीन फेऱ्या गटातल्या गटात होतील. सहा शनिवारांत हे पुरे होते. लहान मुलांचे गुणतक्ते कुठेही लावू नयेत, निकाल केवळ गट पाडण्यापुरते आयोजकांकडे असावेत, असे मी सुचवले आहे आणि दोन क्लबांनी ते मान्यही केले आहे. तिसऱ्याचे उत्तर यायचे आहे.

मसुदा तयार झाला की याच धाग्यात पाठवते. विम्याचे कलम आपण स्वतः वाचून द्यावे, ही विनंती.

समन्वयक, क्रीडा समिती